फाउंड्रीला कन्सल्टंट घ्यावा का? आणि सरकारं यांना एवढे पैसे का देतात?

साचेवाला_गोशि

नमस्कार मंडळी. गोकुळ शिरगावला आमची फाउंड्री आहे, आबांनी उद्यमनगरातल्या एका शेडमधनं चालू केलेली, आता ७० माणसं आहेत, पंपाचे आणि ट्रॅक्टरचे पार्ट ओततो. परवा मोठ्या कस्टमरच्या व्हेंडर मीटिंगला गेलो तर तिथं सांगितलं रिजेक्शन (खराब निघून नाकारला जाणारा माल) खाली आणा, आणि "हवं तर" आमच्या पॅनलवरचा कन्सल्टंट घ्या. हवं तर म्हणजे काय ते धंदेवाल्यांना कळलं असंल.

सहा महिन्यांचं कोटेशन आलंय. आकडा बघून आबा म्हटले एवढ्यात नवीन मोल्डिंग मशीनचं डाऊन पेमेंट होतंय, आणि त्या कन्सल्टंटच्या पोराला विचार भट्टीजवळ कधी उभा राहिलायस का. मला मात्र वाटतंय की बाहेरचा माणूस आला तर जे आम्हाला रोज बघून दिसेनासं झालंय ते त्याला दिसंल.

दुसरं म्हणजे दाजी सरकारी ऑफिसात आहेत, ते सांगत होते की आता साधा नाला करायचा तरी सल्लागार नेमतात. सरकारजवळ इंजिनिअर असताना हे कशाला लागतंय? कुणाला आतलं माहिती असंल तर सांगा.

पुलाची_शिरोली

भावा, आमचा अनुभव सांगतो, नाव विचारू नकोस. २०१८ ला आम्ही एकाला घेतलं. पोरगा हुशार होता, खोटं कशाला बोलू. आमचं रिजेक्शन ९ टक्क्यांच्या आसपास होतं आणि आम्ही वर्षभर बेंटोनाईटवाल्याशी (साच्याची वाळू धरून ठेवणारी माती) भांडत बसलेलो. त्यानं तीन आठवडे नुसतं रजिस्टर लिहिलं, कुठल्या पाळीत, कुठल्या बॉक्सला, कुठला डिफेक्ट. निघालं काय, तर ब्लोहोल (ओतलेल्या पार्टात वायूनं पडणारी भोकं) बहुतेक रात्रपाळीचे, कारण रात्री वाळूची ओल कुणी तपासतच नव्हतं, मिलरवाला (वाळू कालवायच्या मशीनवरचा माणूस) अंदाजानं पाणी सोडायचा. रिजेक्शन ५ वर आलं. इथंवर नाद खुळा.

मग तो यार्डात शिरला. पिग आयर्नचा (कच्च्या लोखंडाचा) ढीग आणि बेंटोनाईटची थप्पी बघून म्हटला तुमचा पैसा जमिनीवर पडलाय, ४५ दिवसांचा माल कशाला ठेवता, ७ दिवसांचा ठेवा. आमचे वडील मृगाच्या आधी यार्ड भरून घ्यायचे, का ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. केला कमी. बँकेचं व्याज वाचलं, सगळे खूश.

ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या वर, आणि हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली. आमच्या शेडमध्ये पाण्याचा थेंब नव्हता बरं का. वीज आली, माणसं चालत आली, पण ओतायला मालच नाही, ट्रक तिकडं किणीच्या अलीकडं पलीकडं अडकलेले. कस्टमरची लाईन बंद पडायची वेळ आली आणि डेबिट नोट (नुकसानीचं बिल) आमच्या नावावर. त्याच्या एक्सेलमध्ये पंचगंगा कुठल्याच कॉलममध्ये नव्हती. फोन केला तर म्हटला तो एंगेजमेंट मार्चलाच क्लोज झालाय सर.

तर घे, पण त्याला काय विचारायचं ते तू ठरव. वाळू विचार, रजिस्टर विचार. पावसाळ्याचा साठा आबांना विचार.

रंकाळ्याचा_पोर

"एंगेजमेंट क्लोज झालाय" 😂 आमच्यात लग्न मोडल्यावर पण असं कुणी बोलत नाही.

तांबडा_पांढरा_मुंबई

मी मूळचा कसबा बावड्याचा, सध्या मुंबईत अशाच एका फर्ममध्ये आहे (त्यामुळं शिव्या जरा जपून द्या). दाजींच्या प्रश्नाला आतलं उत्तर देतो.

सरकारी खात्यात आम्ही पीएमयू म्हणून बसतो, म्हणजे मंत्रालयात किंवा आयुक्त ऑफिसात आमची चार-पाच पोरं महिन्याच्या दरानं. टेंडरमध्ये क्वालिटीला ७० मार्क, दराला ३० अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी असते, आणि क्वालिटी म्हणजे आधी अशी किती कामं केलीत, त्यामुळं ज्याला मिळतं त्यालाच परत मिळतं. टेंडरला सीव्ही जातो १५ वर्षं अनुभववाल्या साहेबाचा, रोज ऑफिसात बसतो माझ्यासारखा. सचिवांना संध्याकाळी सातला सुचतं की उद्या सकाळी मुख्यमंत्र्यांपुढं प्रेझेंटेशन आहे. खात्यातला क्लार्क सव्वासहाला गेलेला असतो, मग रात्री दोनपर्यंत कोण बसणार? आम्ही. खरं सांगायचं तर निम्मी कन्सल्टन्सी ही एवढीच आहे.

उरलेली निम्मी म्हणजे ढाल. साहेबाला जे करायचंच आहे ते आमच्या लोगोखाली आलं की फाईल पुढं सरकते, उद्या अंगाशी आलं तर "सल्लागाराच्या शिफारशीनुसार". कंपन्यांत पण हेच, माणसं कमी करायची असतील तर मालक स्वतः सांगत नाही, रिपोर्ट सांगतो.

हे फक्त आपल्याकडं आहे असं समजू नका. फ्रान्सच्या सिनेटनं २०२२ ला चौकशी केली तर निघालं की २०२१ या एका वर्षात सरकारी कन्सल्टन्सीचं बिल १ अब्ज युरोच्या वर गेलेलं. ऑस्ट्रेलियात पीडब्ल्यूसी या सल्लागार फर्मचा माणूस सरकारला टॅक्सचा नवा कायदा करायला मदत करत होता आणि त्यातली गुपितं फर्ममध्ये फिरली, पुढं मोठ्या कंपन्यांना गिऱ्हाईक करायला वापरली. २०२३ ला प्रकरण एवढं पेटलं की त्यांना सरकारी कामाचा अख्खा धंदा १ डॉलरला विकायला लागला. मॅकिन्झी या दुसऱ्या फर्मनं तर अमेरिकेत अफूजन्य वेदनाशामक गोळ्यांचा खप वाढवायचा सल्ला दिल्याबद्दल २०२१ ला ५७ कोटी डॉलरच्या वर भरले आणि डिसेंबर २०२४ ला आणखी ६५ कोटी. तरी काम मिळतंय. का, तर दुसरीकडं जायची सवयच गेलीय.

मोजमाप_वही

दोघांचंही बरोबर आहे, पण मूळ दुखणं वेगळं आहे. मी ३१ वर्षं सरकारी बांधकामात काढली, आता निवृत्त. सुरुवातीला आम्ही स्वतः डंपी लेव्हल (जमिनीचा चढउतार मोजायचं यंत्र) घेऊन उन्हात उभं राहायचो, दरसूची पुढं ठेवून अंदाजपत्रक हातानं करायचो, चूक झाली तर वरचा साहेब लाल पेनानं गोल करायचा आणि चार लोकांत काढायचा. त्यातनं माणूस तयार व्हायचा. मग भरती थांबली, एका उपअभियंत्याकडं तीन उपविभाग, आणि वरनं आदेश की डीपीआर (प्रकल्पाचा सविस्तर अहवाल) सल्लागाराकडनं करून घ्या. लेव्हल मशीन कपाटात गेलं. शेवटच्या काही वर्षांत माझ्या हाताखालच्या पोरांना सल्लागाराचा आकडा चूक आहे का बरोबर हे सांगताच यायचं नाही, कारण त्यांनी कधी स्वतः काढलेलाच नव्हता. माणूस नाही म्हणून सल्लागार, आणि सल्लागार आहे म्हणून माणूस तयार होत नाही.

त्यात फी प्रकल्पाच्या खर्चावर टक्क्यानं असली की झालंच. खर्च वाढला की फी वाढली, मग पाईपचा व्यास एक नंबर कमी चालेल असं तो कशाला सांगंल? एकदा मी असा व्यास फिरवून परत पाठवला तर मलाच विचारणा झाली की काम का अडवलं.

आपल्या कोल्हापूरच्या टोलचं आठवा. टोलच्या बदल्यात कंपनीनं शहरातले रस्ते केले, पैसे कुठं किती लागले यावर वाद, सगळं गाव रस्त्यावर, शेवटी झालेल्या कामाचं फेरमूल्यांकन करायची वेळ आली आणि २०१५ संपता संपता टोल रद्द. काम चालू असताना रोजच्या रोज वही भरणारा आपला माणूस असता तर मागनं मोजत बसायला लागलं नसतं, असं माझं मत. कुणाला पटेल न पटेल.

साचेवाला, तुम्ही कन्सल्टंट घ्याच, पण त्याच्या शेजारी तुमचा एक माणूस पूर्ण वेळ उभा करा. तो गेल्यावर ते रजिस्टर कोण लिहिणार हे आज ठरलं पाहिजे.

साचेवाला_गोशि

सगळ्यांचे आभार, आबांना मोजमाप_वही काकांचा रिप्लाय वाचून दाखवला, दोनदा वाचायला लावला.

ठरलं असं की सहा महिन्यांचं नाही, सहा आठवड्यांचं काम द्यायचं आणि फक्त वाळू आणि रिजेक्शन. यार्डाला हात लावायचा नाही. आमचे मोल्डिंगचे मामा, आबांच्या वेळेपासून आहेत, ते त्याच्याबरोबर राहणार, आणि लिहायला डिप्लोमावाली नवीन पोरगी देतोय कारण मामांचं अक्षर त्यांनाच लागत नाही. आबांची एकच अट, पोरानं निदान चार रात्रपाळ्या भट्टीपाशी काढायच्या. कन्सल्टंटला फोनवर सांगितलं तर थोडा वेळ गप्प झाला, मग म्हटला चालेल.

फी रिजेक्शनला बांधता येती का? म्हणजे एवढे टक्के खाली आलं तर एवढे पैसे. कुणाजवळ कराराचा मसुदा असंल तर टाका.

पुलाची_शिरोली

व्यनि (खाजगी मेसेज) बघ, आमचा मसुदा पाठवलाय. आणि भावा, तो यायच्या आधी मागच्या तीन महिन्यांचं रिजेक्शन तुझं तू मोजून सही करून ठेव. आमच्यात सुरुवातीचा आकडा त्यानंच धरला, ९ चा ११, म्हणजे घट मोठी दिसंल.