रात्रपाळीपेक्षा दुपारची पाळी जड
नर्सच्या नोकरीत रात्रपाळीच सगळ्यांत वाईट, असं या चर्चेत दोघातिघांनी लिहिलंय. जागरणापुरतं पटतं. पण गोव्यात खेड्यातून येणाऱ्या नर्सना विचारा, त्या दुपारच्या पाळीला जास्त घाबरतात. माझी धाकटी बहीण वाळपईहून पणजीकडच्या एका इस्पितळात येऊन-जाऊन करते. पाळी आठला संपते ती कागदावर. मग पुढच्या पाळीच्या नर्सला खाटेखाटेपाशी ओव्हर द्यायचा, म्हणजे रुग्णाची माहिती सोपवायची: सलाईन किती उरलं, लघवी किती झाली, उद्याच्या ऑपरेशनसाठी कुणाला उपाशी ठेवायचंय. शिवाय मॉर्फिन या नशा आणणाऱ्या वेदनाशामकाचे अँप्युल (काचेच्या कुप्या) मोजायचे, वापरलेले रिकामेसुद्धा. एक कमी भरला की दोघी अडकल्या! तोवर खासगी बसवाले घरी जेवायला बसलेले. वाटेतल्या साखळी गावापर्यंत मिळेल ती गाडी, पुढे बाबा स्कूटर घेऊन उभे. रात्रपाळी सुटते तेव्हा निदान बसेस चालू असतात, म्हणून ती हल्ली स्वतःहून रात्रपाळ्या मागून घेते.