मॉली-मे म्हणते, चोवीस तास सगळ्यांना सारखेच. पटतं का?

टेम्सकाठची

'लव्ह आयलंड' हा ब्रिटनमधला रिअॅलिटी शो. तरुण मुलंमुली एका व्हिलात ठेवायची, त्यांनी जोड्या जमवायच्या आणि मोडायच्या, आणि रोज रात्री साऱ्या देशानं ते बघायचं. शो सुरू असला की आमच्या ऑफिसात चहाला दुसरा विषय नसतो. २०१९ च्या पर्वात मॉली-मे हेग नावाची वीस वर्षांची मुलगी आली. बॉक्सर टॉमी फ्युरीबरोबरची तिची जोडी दुसरी आली, पण बाहेर पडल्यावर पहिल्यांपेक्षा तिचाच बोलबाला झाला. २०२१ मध्ये प्रिटीलिटलथिंग या ऑनलाइन कपडे विकणाऱ्या कंपनीनं तिला क्रिएटिव्ह डायरेक्टर केलं.

त्याच डिसेंबरात ती 'द डायरी ऑफ अ सीईओ' या पॉडकास्टवर गेली आणि तिथं तिनं आयुष्याचं तत्त्वज्ञान सांगितलं. आशय असा: आयुष्य एकच मिळतं, त्याचं काय करायचं ते तुमच्या हातात आहे. दिवसाचे तास सगळ्यांना सारखेच मिळतात, आणि मनापासून हवं असेल तर ते मिळवता येतं. जानेवारी २०२२ मध्ये ती क्लिप फिरायला लागली आणि गहजब झाला. ज्यानं त्यानं आपल्या बळावर उभं राहावं असं मानणाऱ्या ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर, त्यांचे केस लोकांनी तिच्या फोटोवर चिकटवले.

थॅचरचे केस मला काही फार विनोदी वाटले नाहीत. पण मुद्दा मला अजून खुपतो. चोवीस तास सगळ्यांना, हे घड्याळापुरतं खरं. त्यातले आपले म्हणावे असे किती उरतात? घर आवरायला, मूल सांभाळायला, हिशेब ठेवायला माणसं ठेवली की त्यांचे तास तुमच्या दिवसात जमा होतात. ज्यांचे गेले, त्यांच्या दिवसातून ते वजा होतात.

आणि प्रिटीलिटलथिंग ही बूहू या फॅशन समूहातली कंपनी होती. जुलै २०२० मध्ये 'संडे टाइम्स'नं छापलं, की समूहासाठी कपडे शिवणाऱ्या, इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या एका कारखान्यात तासाला साडेतीन पौंडांवर काम करून घेतात. तेव्हा पंचविशीपुढच्यांचं कायदेशीर किमान वेतन ८.७२ पौंड होतं. समूहानं स्वतःच नेमलेल्या ज्येष्ठ वकील अॅलिसन लेव्हिट यांनी सप्टेंबरात अहवाल दिला: लेस्टरच्या पुरवठादारांकडची वाईट परिस्थिती आणि कमी पगार, हे आरोप बव्हंशी खरे आहेत. या खुर्चीवर बसून सारख्या तासांचं प्रवचन द्यायचं म्हणजे लोका सांगे ब्रह्मज्ञान.

तुम्हाला काय वाटतं?

आडवातिडवा

अजिबात पटलं नाही. तुमचा लेख नव्हे, तो गहजब.

त्या पर्वात पहिली आलेली जोडी अँबर गिल आणि ग्रेग ओ'शे. बक्षीस ५०,००० पौंड. व्हिला तोच, कॅमेरे तेच, प्रेक्षक तेच. मग मॉली-मेच पुढे का गेली? ती शोच्या आधीपासून यूट्यूब आणि इन्स्टाग्राम चालवत होती, बाहेर आल्यावरही थांबली नाही. आईवडील दोघं पोलिसात. कुठली जहागीर होती? काहीतरी केलंच असेल ना पोरीनं.

आणि 'आपापल्या परिस्थिती वेगळ्या असतात हे मला कळतं' असंही ती त्याच मुलाखतीत म्हणाली होती. ते वाक्य कोणी फिरवलं नाही. आपल्याकडे 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' म्हणणाऱ्यांना कोणीही हातपाय हलवा म्हटलं की राग येतो, त्यातलाच हा प्रकार.

जाता जाता: लेस्टरच्या त्या बातमीतले कपडे नॅस्टी गॅल या दुसऱ्या लेबलचे होते. प्रिटीलिटलथिंगचे नव्हते.

टेम्सकाठची

लेबल वेगळं, मालक तोच. लेव्हिट यांचा अहवालही एका लेबलापुरता नव्हता, समूहाच्या लेस्टरमधल्या सगळ्या पुरवठ्याबद्दल होता.

उगाचच

मला पण चोवीस तास मिळतात. त्यातले दोन हा धागा वाचण्यात गेले.

मिडलंडवासी

मी इथे होम केअरमध्ये काम करते, केअर व्हिसावर आले. माझा दिवस सांगते, मग ठरवा.

सकाळी सातला पहिला कॉल. आजोबांना उठवायचं, अंग पुसायचं, कॅथेटरची पिशवी रिकामी करायची, गोळ्या द्यायच्या, टोस्ट आणि चहा पुढ्यात ठेवायचा, आणि हे सगळं केलं म्हणून फोनवरच्या अॅपमध्ये भरायचं. एवढ्याला अर्धा तास. आजोबांना बोलायचं असतं, बायकोचे फोटो दाखवायचे असतात. ते अॅपमध्ये बसत नाही. पुढचं घर दोन बस बदलून. बसमधला वेळ आमची एजन्सी धरत नाही. दुपारी मध्येच मोठा खंड असतो, पण घर लांब, म्हणून लायब्ररीत हीटरजवळ बसायचं. तोही वेळ फुकट. रात्री नऊला शेवटच्या आजींना झोपवून निघते. बाहेर चौदा तास काढले की पगार आठाचा पडतो.

यात मी स्वतःचा बिझनेस नेमका कधी उभारायचा?

खरं सांगू, मॉली-मेचे व्हिडिओ मी बघते. रात्री पडल्या पडल्या ती केस कसे वळवते, कपाट कसं लावते ते बघत झोप लागते. गोड आहे मुलगी. राग नाही.

आडवातिडवा

ताई, तुमच्या कष्टांना नमस्कार. पण एजन्सीचं पाप त्या पोरीच्या माथी का?

मिडलंडवासी

मी मारलेलंच नाही. पण रविवारची शिफ्ट कोणी घेईना, तेव्हा आमच्या मॅनेजरनं हीच क्लिप व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली होती. खाली दोन बाहूंच्या इमोजी. सल्ला देणारी देऊन मोकळी होते हो, पण तो पुढे कोणाच्या हातात पडतो हेही बघा की.

चिंचगूळ

मिडलंडवासी ताईंचं वाचून गलबलून आलं. तरी मी दुसऱ्या बाजूनं बोलणार.

माझी लेक सतरा वर्षांची आहे. तिला घरात मी, शाळेत बाई आणि बाहेर सगळं जग 'हे तुला जमणार नाही' एवढंच ऐकवतं. तिच्यापेक्षा थोडीच मोठी असलेली एक मुलगी म्हणते, 'जमेल, कर सुरू.' मला ते चालतं. धोरण ठरवायला सरकार आहे. पोरींना ढकलायला कोणीतरी लागतंच. आणि लेक काही दुधखुळी नाही, हेअर ड्रायरची जाहिरात कुठे सुरू झाली ते तिला माझ्याआधी कळतं.

दुसरं, बावीस वर्षांच्या मुलीला थॅचर केलं, पण समोर बसून मान डोलावणारा यजमान स्टीव्हन बार्टलेट? तोच शो चालवतो, उद्योजकांची हीच गाणी गातो. जानेवारी २०२२ मध्ये तर तो बीबीसीच्या 'ड्रॅगन्स डेन'मध्ये गुंतवणूकदार म्हणून बसला, म्हणजे तोही टीव्हीवरचाच. त्याच्या डोक्यावर कोणी केस चिकटवले नाहीत. आणि प्रिटीलिटलथिंग सुरू करणारा उमर कमानी हा बूहूचे सहसंस्थापक महमूद कमानी यांचाच मुलगा. वारसा बघायचा तर तिथं बघा. शिव्या मात्र पगारी पोरीला.

टेम्सकाठची

चिंचगूळ, यजमानाबद्दल शंभर टक्के मान्य. पुरुषानं म्हटलं तर 'व्हिजन', पोरीनं म्हटलं तर 'उद्धट', हे आहेच.

पण तिची माफी वाचलीत का? दुखावलेल्यांची, आणि आपल्या बोलण्याचा ज्यांचा गैरसमज झाला त्यांची. म्हणजे चूक ऐकणाऱ्याच्या कानाची! दोनच महिन्यांनी, मार्च २०२२ मध्ये, किम कार्दाशियननं 'व्हरायटी'च्या मुलाखतीत व्यवसाय करू पाहणाऱ्या बायकांना सल्ला दिला: उठा आणि कामाला लागा, हल्ली कोणाला काम करायला नको असतं. तिचे वडील नावाजलेले वकील, पुढे २००७ पासून घरादाराचा टीव्ही शो. तीही नंतर म्हणाली की संदर्भ सोडून वाक्य उचललं. ज्यांचं घरगुती आयुष्य हाच विकायचा माल आहे, त्यांच्या यशाचं कारण त्यांनाच विचारलं तर ते 'मेहनत'च म्हणणार. टीव्हीवर निवड कोण करतं, एडिटिंगमध्ये कोण ठेवायचं आणि कोण कापायचं, हे त्यांच्या हातात नसतं. तेवढं तरी सांगा ना पोरींना.

टाकाधागा

गार्मेंटच्या धंद्यात आहे, एक्स्पोर्टसाठी कॉस्टिंग करतो. तासांची भाषा चाललीये म्हणून थोडं.

आमच्याकडे तास कोणी मोजत नाही, मिनिटं मोजतात. प्रत्येक ड्रेसला शिलाईची ठरलेली मिनिटं असतात, त्यांना आम्ही 'सॅम' म्हणतो, म्हणजे स्टँडर्ड अलाउड मिनिट्स. खांदा जोडायला इतकी, बाही लावायला इतकी, खालची पट्टी दुमडायला इतकी. बेरीज करायची, मिनिटाच्या दरानं गुणायची, झाली शिलाईची किंमत. कापड, धागा, चेन, पॅकिंग वेगळं. खरेदीदार भाव पाडतो तेव्हा कापडाचा भाव फारसा हलत नाही, मिनिटाचा दर हलतो. तिथंच सगळी घासाघीस.

आता हिशेब करा. ८.७२ पौंड तासाला म्हणजे मिनिटाला साडेचौदा पेन्स. साध्या जर्सीच्या ड्रेसला दहा मिनिटं धरली तर नुसती मजुरी १.४५ पौंड. साडेतीन पौंडांच्या दरानं तीच ५८ पेन्स. नोव्हेंबर २०२० च्या ब्लॅक फ्रायडेला प्रिटीलिटलथिंगवर ८ पेन्सला ड्रेस होता. कायद्याच्या दरानं ८ पेन्समध्ये शिवणाऱ्या बाईची ३३ सेकंदं येतात. तेवढ्यात मशीनची सुईही ओवून होत नाही.

आडवातिडवा

८ पेन्स हा गिऱ्हाईक खेचायचा भाव होता, तोटा कंपनीनं सोसला. त्यावरून मजुरी काढणं बरोबर नाही. आणि मॉली-मे कंपनीत आली २०२१ मध्ये. आधीच्या वर्षीच्या सेलचाही जाब तिलाच?

टाकाधागा

सेलचा तोटा कंपनीचा, मान्य. पण गिऱ्हाइकाला एकदा आठ पेन्सची सवय लागली की पुढच्या सीझनला खरेदीदार आमच्यासमोर बसून तोच भाव दाखवतो. मी त्या खुर्चीसमोर बसलेलो आहे. 'तिकडे देतायत, तुम्हाला का परवडत नाही?'

आडवातिडवा

बरं, मग शेवटी झालं काय तेही सांगा. एवढी ओरड झाली. जानेवारी २०२२ मध्ये बूहूनं लेस्टरला स्वतःचा आदर्श कारखाना उघडला, २०२४ मध्ये तोही बंद केला. गावातले किती छोटे कारखाने बसले, ऑर्डरी परदेशात गेल्या. मॉली-मेनं २०२३ मध्ये, मुलगी झाल्यावर, ते पद सोडलं आणि पुढे स्वतःचा ब्रँड काढला. ती जिथं जायची तिथं गेलीच. तुमच्या नैतिक संतापानं त्या शिवणाऱ्या बायकांच्या पदरात काय पडलं?

मिडलंडवासी

त्यातल्या दोघी आता माझ्याबरोबर केअरमध्ये आहेत. एक म्हणते तिथं निदान बसून काम होतं. दुसरी म्हणते इथं निदान पगाराची चिठ्ठी मिळते, तिथं कधी हातात अर्धे रोख, कागदावर भलतंच. परत मशीनवर जाशील का विचारलं, तर दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

चिंचगूळ

म्हणजे त्यांच्या चोवीस तासांचं कोणी काहीच विचारलं नाही, ना कंपनीनं, ना कंपनीविरुद्ध ओरडणाऱ्यांनी. यावर टेम्सकाठची बोलतील का?

टेम्सकाठची

बोलते. ओरड पगाराबद्दल होती, कारखाने बंद करा म्हणून नव्हती. पगार वाढवायची वेळ आली तेव्हा समूहानं गाव सोडलं. तो निर्णय ट्विटरवरच्या लोकांनी घेतला नाही. पण नंतर त्या बायकांचं काय झालं हे विचारायला माझ्यासारखे कितीजण लेस्टरला फिरकले, या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला हवंय तसंच आहे. मिडलंडवासी, त्या दोघींना चालणार असेल तर त्यांच्याशी बोलायला आवडेल. तुमचा रविवार मोकळा असेल तर.

मिडलंडवासी

रविवारी शिफ्ट आहे.