किरणांनी पेशीतील डीएनए नेमका कसा तुटतो?

प्रश्न (अंबाजोगाई): आईला छत्रपती संभाजीनगरला शेक, म्हणजे रेडिएशन, चालू असून तिच्या गळ्यावर जांभळ्या शाईच्या खुणा केल्या आहेत. न दिसणारी किरणे पेशी कशी मारतात, आणि मात्रा रोज थोडीथोडीच का देतात?

उत्तर (नांदेड): ताई, किरण डीएनएचा, म्हणजे पेशीतील आनुवंशिक माहितीचा, दोन पदरांचा धागा थेटही तोडतो; परंतु क्ष-किरणांची सुमारे दोन-तृतीयांश हानी पाण्यामार्फत होते, कारण पेशीतील पाण्याचे रेणू फुटून तयार होणारे हायड्रॉक्सिल मूलक (अतिशय क्रियाशील तुकडे) जवळच्या डीएनएवर तुटून पडतात. १ ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचे एकक) मात्रेत एका पेशीत साधारण १००० एकपदरी आणि ४०च्या आसपास दुपदरी तुटी होतात. एकपदरी तूट समोरच्या शाबूत पदराच्या आधारे लवकर सांधली जाते. दोन्ही पदर तुटले की टोके भलतीकडे जोडली जाऊ शकतात, आणि माझ्या मते समजून घ्यायची ती हीच दुपदरी तूट.

उत्तर (लातूर): दुपदरी तूट झालेली पेशी तत्काळ मरत नाही, बहुधा विभाजनाच्या वेळी मरते. बऱ्याच उपचारांत रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस देतात. मधल्या तासांत निरोगी पेशी आपली दुरुस्ती उरकतात, कर्कपेशींना ते तितके साधत नाही. गळ्यावरच्या खुणा मात्र आंघोळीत पुसू देऊ नका.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. आईला आज हेच समजावून सांगते.