हातातला बँड केळ्याचेही ठोके दाखवतो, आता मुलांना काय सांगू?

रामबागची_बाई:
नमस्कार सगळ्यांना. मी इंदूरला आठवीला विज्ञान शिकवते. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने शाळेला सहा फिटनेस बँड दिले, मी एकदम खूश, म्हटलं आता हृदयाचा धडा फळ्यावर नाही तर मुलांच्या मनगटावर शिकवायचा. पहिल्या दिवशी बसून ठोके मोजले, मग बारा सूर्यनमस्कार घालून परत मोजले, तोपर्यंत छान चाललं होतं. मधल्या सुट्टीत एका मुलाने डब्यातल्या केळ्याला बँड बांधला आणि त्यावर ७८ आले. आख्खा वर्ग म्हणायला लागला, बाई हे सगळं खोटंय. मला खरंच वाईट वाटलं. आता हे बँड कपाटात ठेवून द्यावेत का? कोणी वापरले असतील तर सांगा प्लीज.

सेन्सरवाला_सुदामानगर:
ताई, कपाटात अजिबात ठेवू नका, त्या मुलाने तुम्हाला वर्षातला सगळ्यात चांगला तास आणून दिलाय. बँडच्या खाली हिरवा दिवा असतो बघा. रक्त हिरवा प्रकाश जास्त शोषतं, प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त थोडं वाढतं म्हणजे परत येणारा प्रकाश थोडा कमी होतो, आणि आतली चिप त्या कमी-जास्त होण्यातली लय शोधते. केळ्यावरूनही प्रकाश परत येतोच, त्यात हात हलला, खोलीतल्या ट्यूबचा उजेड मधे घुसला की चिपला काहीतरी लय सापडते आणि ती आकडा देऊन मोकळी होते. ती प्रकाश मोजते, हृदय नाही. मुलांना हेच शोधायला लावा. केळं, पाण्याची बाटली, गुंडाळलेला रुमाल, टेबलावर स्थिर ठेवून, हलवून, अंधारात. आणि बँड सैल बांधून पळायला सांगा, आकडा कसा भरकटतो ते दिसेल.
अजून एक, बँड फक्त तयार आकडा देतो, त्यामागची लाट दाखवत नाही. मोबाईलचा फ्लॅश लावून कॅमेऱ्यावर बोट ठेवा आणि व्हिडिओ काढा, लाल रंग ठोक्याबरोबर किंचित गडद-फिका होताना दिसतो, आपल्या डोळ्यांनी.

निवृत्त_मास्तर:
बाई, मी हरद्याकडे होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात शिकवलंय. १९७२ ला सोळा शाळांपासून सुरू झाला होता तो, २००२ ला बंद केला, आजही मनाला लागतं. आमच्याकडे सेन्सर वगैरे काही नव्हतं, पण मुलं स्वतः करून बघायची. म्हणून सांगतो, बँड दुसऱ्या दिवशी द्या, पहिल्या दिवशी बोटं. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवून १५ सेकंद मोजायचं आणि चारने गुणायचं. एक ठोका चुकला तर मिनिटाला चारचा फरक पडतो, हे मुलांना स्वतः कळू द्या, मग बँडच्या ७८ कडे ती वेगळ्या नजरेने बघतात.
आणि दोऱ्याला दगड बांधून लंबक करा, त्याची फेरी नाडीच्या ठोक्याशी जुळेपर्यंत दोरा लांब-आखूड करायचा. दोरा २५ सेंमी असला की एक फेरी साधारण एका सेकंदात होते, म्हणजे मिनिटाला ६०. सूर्यनमस्कारानंतर नाडी ९० झाली तर दोरा जवळपास ११ सेंमीपर्यंत आखडावा लागतो. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत सांतोरिओ नावाचे डॉक्टर असेच लंबकाने नाडी मापायचे. तेही नाडीचं यंत्रच की.

आठवीतल्या_मुलीची_आई:
मला एक बोलायचंय, कृपया राग मानू नका. बँडचं ॲप उघडलं की जन्मतारीख, वजन, उंची सगळं मागतं. माझ्या मुलीला दमा आहे, तिचा आकडा फळ्यावर नावासकट लिहिला तर ती दुसऱ्या दिवशी शाळेत जायचं नाही म्हणेल. २०२३ च्या डेटा कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते असं आहे. ॲपशिवाय, नुसत्या बँडच्या पडद्यावर बघून काम होत असेल तर तसंच करा ना, आणि नावाऐवजी चिठ्ठ्यांवर नंबर.

झोकेवाला_भिया:
आई बरोबर बोलतायत. मी तर म्हणतो नाडी सोडून त्वरणही घ्या, म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतो ते. फिफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं. ते मोबाईलमधल्या सेन्सरने त्वरण मोजतं. मोबाईल टेबलावर ठेवला की ९.८ (मीटर प्रति सेकंद वर्ग) च्या आसपास दाखवतो, मुलांना वाटतं काही हलत नाहीये मग हे कुठून आलं, तिथेच गुरुत्वाकर्षण सुरू. मोबाईल कमरेला घट्ट बांधून नेहरू पार्कात झोक्यावर बसवा, तीस अंशापर्यंत झोका गेला तर टोकाला साडेआठच्या जवळ आणि खाली बाराच्या वर जातं. पोटात गोळा येतो तो नेमका कधी, हे मुलं ग्राफवर बोट ठेवून सांगतात.

रामबागची_बाई:
खूप खूप धन्यवाद, खरंच धीर आला. ताई, राग कसला, नावं लिहायची मला सुचलंच नव्हतं की चूक आहे, आता नंबरच. शनिवारी दोन तास सलग मिळालेत, आधी बोटं आणि दोरा, मग बँड. त्या मुलाला मी सांगितलंय की येताना दोन केळी आण, एक पिकलेलं एक कच्चं, तर त्याने विचारलं बाई, सालीचा रंग हिरवा असला तर हिरवा दिवा जास्त परत येईल का? मास्तर, सेन्सरवाले दादा, हे आधी सांगू नका, आम्ही करून बघतो आणि सोमवारी इथे लिहिते.