पूर्वप्रज्वलन, बॅकफायर आणि नॉकिंग: हायड्रोजन इंजिनाच्या संदर्भात

प्रश्न: हायड्रोजनवर चालणाऱ्या अंतर्ज्वलन इंजिनाविषयी लिहिताना प्रीइग्निशन, बॅकफायर आणि नॉकिंग या तिन्हींसाठी ‘अवेळी पेट घेणे’ एवढे म्हणून भागेल का?

उत्तर: भागणार नाही, कारण तिन्हींची वेळ वेगळी आणि उपायही वेगळे आहेत. ठिणगी पडण्याआधीच सिलिंडरमधील मिश्रण एखाद्या तापलेल्या जागेमुळे पेटले, तर ते पूर्वप्रज्वलन (प्रीइग्निशन). स्पार्क प्लगचे तापलेले टोक, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड, काजळीचा थर किंवा वंगणतेलाचा थेंब, यांपैकी काहीही त्याला पुरते. हायड्रोजन-हवेचे मिश्रण पेटवायला किमान ०.०२ मिलिज्यूल ऊर्जा पुरेशी असते आणि ती पेट्रोलच्या मिश्रणाला लागणाऱ्या ऊर्जेच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकीच आहे. म्हणूनच या इंजिनांत उष्णता चटकन बाहेर सोडणारे, ज्यांना ‘कोल्ड’ म्हणतात ते प्लग बसवतात आणि प्लॅटिनमची टोके टाळतात, कारण प्लॅटिनम हायड्रोजनच्या ज्वलनाला उत्प्रेरक ठरते.

इनलेट व्हॉल्व्ह उघडा असतानाच मिश्रण पेटून ज्वाला मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीत, उलटली, तर तो बॅकफायर. व्हॉल्व्ह बंद झाल्यावर हायड्रोजन थेट सिलिंडरमध्ये सोडला, तर मॅनिफोल्डमध्ये पेटण्याजोगे काही उरत नाही. पूर्वप्रज्वलनाचा धोका मात्र याने संपत नाही. नॉकिंग ठिणगीनंतर होते: ज्वाला पोहोचण्याआधी उरलेले मिश्रण दाब आणि उष्णतेने आपोआप पेटते. तिथे ठिणगी थोडी उशिरा पाडणे हा पहिला उपाय असतो; पूर्वप्रज्वलनात ठिणगीच्या आधीच पेट होऊन गेलेला असल्याने तो लागू पडत नाही. (‘हायड्रोजन सहज पेटतो’ हे विधानही जपून करावे, कारण ठिणगीविना आपोआप पेटण्यासाठी त्याला सुमारे ५८५ अंश सेल्सिअस तापमान लागते, जे पेट्रोलपेक्षा बरेच अधिक आहे.)

प्रश्न: मग ‘लीन’, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी असलेल्या, मिश्रणाला ‘पातळ’ म्हणावे का?

उत्तर: ‘विरल’ अधिक बरा, ‘पातळ’ म्हटले की द्रव डोळ्यांसमोर येतो. हवेत ४ ते ७५ टक्के एवढ्या रुंद पट्ट्यात हायड्रोजन पेटत असल्याने मिश्रण बरेच विरल ठेवता येते. आवश्यकतेच्या दुपटीहून अधिक हवा दिली, की ज्वालेचे तापमान उतरते आणि नायट्रोजन ऑक्साइडे फारच कमी तयार होतात, शिवाय तापलेल्या जागांमुळे पेट घेण्याचा धोकाही घटतो. त्याच आकाराच्या इंजिनातून शक्ती मात्र कमी मिळते आणि ती भरून काढण्यासाठी टर्बोचार्जर लावावा लागतो.