शिवीपेक्षा छत महत्त्वाचं

ब्रिटनमधल्या शाळांच्या धोकादायक काँक्रीटवरची मुलाखत संपली, माइक चालू राहिला आणि तेव्हाच्या शिक्षणमंत्री जिलियन किगन यांच्या तोंडून शिवी गेली, एवढंच प्रकरण आहे असं कुणीतरी म्हणतं. मला नाही पटत. त्याच दिवशी सकाळी, ४ सप्टेंबर २०२३ ला, शिक्षण खात्याचे माजी सचिव जोनाथन स्लेटर बीबीसी रेडिओवर बोलले, ते शिवीच्या गोंगाटात विरून गेलं. वर्षाला ३०० ते ४०० शाळा नव्याने बांधायची गरज, पैसे १०० पुरते. खात्याने २०० मागितल्या तर हातात पडल्या ५०. पैसे कापले तेव्हा अर्थमंत्री होते ऋषी सुनक. (त्यांनी आरोप साफ फेटाळला, हेही खरं.)

शाळांच्या छतातलं हे 'रॅक' (RAAC) काँक्रीट आतून अनारशासारखं जाळीदार, वजनाला हलकं, आयुष्य साधारण ३० वर्षं. २०१८ मध्येच केंटमधल्या एका प्राथमिक शाळेचं छत कोसळलं होतं. सुट्टीचा वार होता, म्हणून मुलं वाचली. आणि ज्यांच्या कराच्या वादाची एवढी चर्चा झाली, ते नदीम झहावी? २०२१-२२ मध्ये शिक्षणमंत्री तेच होते की!