चितळ की सांबर: शुक्राणूंच्या मापांवरून जात ठरवता येते का?

प्रश्न (विद्यार्थिनी, ब्रह्मपुरी तालुका):
नमस्कार. मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. आमच्या भागातील रस्त्यांवर वाहनांच्या धडकेने मरण पावलेल्या नरांच्या शवविच्छेदनाच्या वेळी, वनविभागाच्या परवानगीने घेतलेल्या शुक्राणूंच्या स्लाइड मला अभ्यासासाठी मिळाल्या आहेत: तीन चितळांच्या आणि एका सांबराची. प्रत्येक स्लाइडवर मी ५० शुक्राणूंच्या डोक्याची लांबी व रुंदी, मध्यखंड (डोके आणि शेपटी यांना जोडणारा भाग) आणि शेपटी मोजली. अडचण अशी की, क्रमांक दोनच्या चितळात आणि इतर दोन चितळांत जेवढा फरक दिसतो, तेवढा चितळ आणि सांबर यांच्यातही दिसत नाही. माझे मोजणे चुकले का, की ही पद्धतच जात ओळखण्यास अपुरी आहे?

उत्तर (निवृत्त पशुवैद्यक, चिमूर):
ताई, आधी स्लाइड कशी तयार झाली ते तपासा. खुरवाल्या प्राण्यांच्या शुक्राणूचे डोके साधारण ८ ते ९ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) लांब असते, त्यामुळे अर्ध्या मायक्रॉनची चूकही मोठी ठरते. १ मिलिमीटरचे १०० भाग केलेल्या मापनपट्टीवर भिंग जुळवून घेतले होते का? नमुना साध्या पाण्यात पातळ केला असेल, तर शेपट्या वेटोळे घेतात आणि त्यांची लांबी भलतीच येते. नमुना अधिवृषणाच्या, म्हणजे वृषणाला लागून असलेल्या, शुक्राणू पक्व होऊन साठतात त्या नळीच्या, शेपटाकडील भागातूनच घेतलेला हवा; वरच्या भागातील शुक्राणू अपक्व असतात आणि त्यांच्या मध्यखंडावर पेशीद्रव्याचा थेंब चिकटलेला दिसतो. शिवाय मे महिन्यात आपल्याकडे शव काही तासांतच फुगते, म्हणून मृत्यूची वेळ नोंदलेली असणे फार महत्त्वाचे. आणि नराची शिंगे कशी होती? शिंगांवर मखमल, म्हणजे वाढत्या शिंगांवरची मऊ केसाळ त्वचा, असताना नराचे टेस्टोस्टेरॉन (नर संप्रेरक) उतरलेले असते, शुक्राणू कमी बनतात आणि त्यांत विकृत जास्त असतात. चितळांच्या कळपात ही अवस्था सगळ्या नरांना एकाच वेळी येत नाही, त्यामुळे कोवळ्या आणि पक्क्या शिंगांचे नर सोबत चरताना आपण नेहमीच पाहतो.

उत्तर (प्राध्यापक, गडचिरोली):
वरील सर्व मुद्दे मान्य आहेत. माझी काळजी गणिताची आहे. तीन नरांचे १५० शुक्राणू म्हणजे १५० स्वतंत्र नमुने नव्हेत. जातीबद्दल बोलायचे तर तुमच्याकडे चितळांचे तीन आणि सांबराचा एकच नमुना आहे. स्पेनमधील लाल हरणांवर २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकाच जातीच्या नरांमध्ये डोक्याचा आकार वेगवेगळा आढळला आणि लांबट डोक्याचे शुक्राणू अधिक वेगाने पोहतात असे दिसून आले. म्हणजे हा फरक जातीच्या आतही खरा असतो. मापांवरून दोन जातींच्या सरासऱ्या वेगळ्या दाखवता येतील, पण एका अनोळखी स्लाइडवरून ‘हा सांबरच’ असे ठामपणे सांगता येणार नाही. भेकराचे उदाहरण मी वर्गात नेहमी देतो: भारतीय भेकराच्या मादीत ६ आणि नरात ७ गुणसूत्रे असतात, तर त्याच्या अगदी जवळच्या चिनी भेकरात ४६. एवढी तफावत ही गुणसूत्रे मोजली की लगेच दिसते. शुक्राणूच्या डोक्यावर पट्टी ठेवून ती कळत नाही. म्हणून खात्रीसाठी त्याच शवाच्या ऊतीतील डीएनए तपासून घ्या आणि मापे सोबतीला ठेवा. प्रबंधात प्रत्येक नराची सरासरी स्वतंत्र द्या.

विद्यार्थिनी:
दोन्ही सरांचे मनापासून आभार. नोंदवही काढून पाहिली. क्रमांक दोनच्या चितळापुढे ‘शिंगे कोवळी, मखमलयुक्त’ असे स्पष्ट लिहिलेले आहे, आणि ते मी आजवर केवळ वर्णन म्हणून वाचत होते. ती स्लाइड वेगळी ठेवून, भिंग पट्टीवर नव्याने जुळवून, उरलेल्या तिन्ही स्लाइड पुन्हा मोजते.